मेजर शुद्धीत होते

गोरक्ष आहेर फौजेतून निवृत्त झाला तेव्हा तो हवालदार होता. पण आपल्याकडे फौजेतून आलेल्या कुठल्याही माणसाला लोक मेजरच म्हणतात, तसं त्यालाही म्हणायला लागले आणि त्याने कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. मूळचा देवळा तालुक्यातला. घरची कांद्याची शेती भाऊ बघत होते, म्हणून याने नाशकातच पाथर्डी फाट्याच्या पुढे घर घेतलं आणि द्वारकेजवळच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर वॉचमन लोकांचा सुपरवायझर म्हणून लागला. ताठ चालायचा, इस्त्रीचा शर्ट, मिशा नीट कातरलेल्या. कॉलनीत माजी सैनिकांचं मंडळ होतं, त्याचं अध्यक्षपद न मागता त्याच्याकडे आलं. आसपासच्या शाळा त्याला बोलवायच्या आणि तो मुलांना शिस्तीबद्दल सांगायचा.

फौजी कॅण्टीनमधून मिळणारा दारूचा कोटा आपण पाहुण्यांना वाटून टाकतो, असं तो सगळ्यांना सांगे. खरं म्हणजे त्यातला थेंबही पाहुण्यांपर्यंत जात नव्हता. पाण्यासाठी म्हणून नेलेल्या स्टीलच्या बाटलीत पाणी कमी आणि रम जास्त असे. सकाळी आंघोळ झाली की पहिला घोट, मग तोंडात लवंग. झोकांड्या खाताना त्याला कुणी कधी पाहिलं नाही, कारण त्याला तेवढी चढतच नव्हती. प्यायला नाही तर हात थरथरायचे, प्यायला की स्थिर व्हायचे, एवढंच उरलं होतं. झोपेत तो दोन्ही हातांनी गादी उकरायचा. त्याची बायको शुभांगी मुलीच्या खोलीत झोपायला लागली होती. पाहुण्यांनी विचारलं तर ती म्हणे, यांचं घोरणं फार.

एका पंधरा ऑगस्टची गोष्ट. मंडळाने त्या वर्षी जिल्ह्यातल्या बऱ्याच जुन्या फौजींना निमंत्रण दिलं होतं. झेंडावंदन झालं, गोरक्ष बोलायला उभा राहिला, आणि गेटमधून पुंजा आत आला. पुंजा हा त्याच्याच युनिटमधला, नामपूरचा. अंगात चुरगळलेला शर्ट, त्याच्यावर मेडलं लावलेली, आणि पाय एका जागी ठरत नव्हते. तो खुर्च्यांच्या मधून सरळ पुढे आला आणि सगळ्यांसमोर गोरक्षच्या गळ्यात पडला. "गोरखभाऊ, वळखं का माले?" एवढंच म्हणाला.

गोरक्षने त्याला आधी दंडाला धरून बाजूला केलं. पुंजा हलेना, तेव्हा कॉलर धरली आणि तशीच धरून त्याला गेटपर्यंत नेलं. जाताना त्याची टोपी पडली. "फौजेची अब्रू घालवतोस," गोरक्ष सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पुन्हा इथे दिसू नकोस." मागच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली आणि मग आणखी चार-सहा टाळ्या पडल्या. पुंजाने काही प्रतिकार केला नाही. त्याने वाकून टोपी उचलली, झटकली आणि गोरक्षच्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं. मग तो हायवेच्या दिशेने निघून गेला. गोरक्ष परत माइकपाशी आला आणि त्याने भाषण पुरं केलं. त्याच्या जिभेखाली तेव्हा लवंग होती.

त्या दिवशी मागच्या रांगेत निकिता पगारे नावाची मुलगी बसली होती. नाशिकरोडला वाढलेली, वडील सरकारी कचेरीत क्लार्क, स्वतः मानसशास्त्रात पीएच.डी. करत होती. कार्यक्रम संपल्यावर ती गोरक्षकडे आली. फौजेत असताना ज्यांच्या मनावर मोठे आघात झाले आणि नंतर ज्यांना दारू लागली, अशा लोकांचा ती अभ्यास करत होती आणि मंडळाच्या ओळखीने तिला काही जणांशी बोलायचं होतं. गोरक्षला राग आला. ही फौजेची बदनामी आहे, फौजी माणूस रडगाणं गात नाही, असं त्याने तिला सुनावलं. तिने ऐकून घेतलं. ते बोलत नाहीत म्हणूनच मी आले, असं ती म्हणाली, आणि मग विचारलं, "काका, मघाशी ज्यांना बाहेर काढलंत, त्यांना भेटता येईल का मला?"

गोरक्षने नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण नाही म्हटलं तर ही कुणाकडून तरी पत्ता काढून जाईलच, आणि पुंजा नशेत काय बोलेल याचा भरवसा नाही, हे त्याच्या लक्षात आलं. आपण सोबत असलेलं बरं. तो म्हणाला, "नेतो. आधी इथले लोक बघा."

त्यानंतर काही रविवार तो तिला घरोघर घेऊन गेला. निकिताचा नियम होता की मुलाखतीच्या वेळी तिसरं माणूस नको, म्हणून तो बाहेर ओट्यावर बसायचा. पण लहान घरांत खिडकीतून सगळं ऐकू येतं. एक जण दाराची कडी परत परत तपासायचा. एकाच्या घरी मिक्सर लावायची सोय नव्हती, आवाज झाला की तो घराबाहेर पळायचा. ज्यांच्याबरोबर गोरक्षने वर्षानुवर्षं चहा घेतला होता ती ही माणसं. झोप लागते का, स्वप्नात काय दिसतं, पहिल्यांदा कधी प्यायलात, एकटं असताना पिता का, असे तिचे प्रश्न. गोरक्ष बाहेर बसून प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मनात देत होता. मग बाहेर येताना निकिता म्हणायची, "काका, तुम्हाला कधी बोलावंसं वाटलं तर सांगा हं." तो हसून म्हणायचा, आपल्याला देवाने बरं ठेवलंय. आणि गाडीच्या डिकीतून ती स्टीलची बाटली काढून पाणी प्यायल्यासारखं प्यायचा.

दिवाळी होऊन गेल्यावर ते दोघं त्याच्या गाडीने नामपूरला गेले. पुंजाचं घर बाजारसमितीच्या मागे होतं, पत्र्याचं, शेजारी कांदे साठवायची कांदाचाळ, रिकामी. पुंजाची बायको चांगुणा दारात उभी होती. तिने निकिताला आत बसवलं, पाणी दिलं. गोरक्षलाही दिलं, पण त्याच्याकडे न बघता. मग म्हणाली, "झेंड्याले गयतात, तव्हापासून मेडलं पेटीमा ठेवी दिधी यास्नी. पण तुमनं नाव कधी वाईट नही काढं." गोरक्षने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

पुंजा त्या दिवशी प्यालेला नव्हता. पाहुणी येणार म्हणून चांगुणाने त्याला सकाळपासून घरातून हलू दिलं नव्हतं. तो घामाने भिजला होता आणि हात मांड्यांखाली दाबून बसला होता. गोरक्ष नियमाप्रमाणे उठून बाहेर जायला लागला, तर पुंजा म्हणाला, "भाऊले बसू द्या ताई. तो नसला तर मी काय बोलणार नाय." निकिताने त्याला पुन्हा एकदा विचारलं, हे सगळं यांच्यासमोर बोलायला चालेल ना. तो म्हणाला, याच्यासमोरच चालेल.

मग त्याने सांगितलं. उंचावरच्या बर्फातल्या पोस्टवर ते होते. ड्युटी संपवून तिघं जण झोपडीत पडले होते, गोरक्ष, पुंजा आणि साई. साई सिन्नरकडचा, पोरगेलासा जवान, युनिटमध्ये नवीन. वरून बर्फाचा कडा सुटला आणि झोपडी दाबली गेली. गोरक्ष आणि पुंजा एका वाकलेल्या खांबाखाली अडकले, तिथे श्वास घेण्याइतकी पोकळी राहिली होती. साई पलीकडे होता, मध्ये मोडका पत्रा. तो दिसत नव्हता, पण त्याचा आवाज येत होता. त्याच्या पायांवर काहीतरी पडलं होतं.

"तो सारखा आवाज द्यायचा," पुंजा म्हणाला. "मग मी बोलत बसलो त्याच्याशी. काय बोलायचं? त्याची म्हैस, त्याची आई, आमचा नामपूरचा बाजार. म्हटलं, सुटलो की तुला नामपूरला नेतो, कांद्याच्या ट्रॅक्टरवर बसवतो. बोलत ऱ्हायलो. मग त्याचा आवाज बारीक झाला. मग आलाच नाही. तरी मी बोलत ऱ्हायलो, म्हटलं ऐकत असेल."

निकिताने विचारलं, तेव्हा काकाही तुमच्याजवळच होते ना.

पुंजाने गोरक्षकडे बघितलं नाही. जमिनीकडे बघत म्हणाला, "भाऊ व्हते ना. पण ते बेशुद्ध व्हते. त्यांना काय माहीत नाय."

त्या अपघाताची फौजेत चौकशी झाली तेव्हाही पुंजाने साहेबांसमोर हेच सांगितलं होतं. त्यानंतर दोघांनी आपसात कधी त्याचा विषय काढला नाही. निवृत्तीनंतर गोरक्षने पुंजाला एकदाही फोन केला नाही, आणि त्याला वाटत होतं की पुंजा विसरला असेल किंवा दारूने त्याच्या डोक्यातून ते पुसून टाकलं असेल. आता ज्याला त्याने कॉलर धरून गेटबाहेर काढलं होतं, तो माणूस हात मांड्यांखाली दाबून, घामाने निथळत, पुन्हा तेच खोटं त्याच्यासाठी बोलत होता. गोरक्षला वाटलं आपण आत्ता बोलावं. तो उठला आणि बाहेर कांदाचाळीपाशी जाऊन उभा राहिला. मुलाखत संपेपर्यंत तो आत आला नाही. निघताना पुंजाच्या खांद्यावर हात ठेवावा असं मनात आलं, तेही त्याच्याने झालं नाही.

परतीला सटाण्यात त्याने गाडी थांबवली. टायरमध्ये हवा बघतो म्हणाला आणि डिकीमागे उभा राहून बाटली रिकामी केली. घाईत लवंग विसरला. देवळ्यात शिरेपर्यंत निकिताने तिच्या बाजूची काच पूर्ण खाली घेतली होती. एसटी स्टँड दिसल्यावर म्हणाली, "काका, गाडी इथे बाजूला घ्या."

त्याने घेतली. तिला काही हवं असेल असं त्याला वाटलं. तिने दार उघडलं, खाली उतरली, त्याच्या बाजूला आली आणि हात पुढे केला.

"किल्ली द्या. मी या गाडीत बसणार नाही आणि तुम्हीही चालवू नका. तुम्ही प्यायला आहात."

ती ओरडली नाही. शेजारून जाणाऱ्याला वाटलं असतं की काहीतरी किरकोळ मागते आहे. गोरक्षच्या तोंडात सगळी नेहमीची उत्तरं आली, पाणी होतं, औषध घेतलंय, खोकल्याचं. त्याने इंजिन बंद केलं. त्याने किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. लेकीच्या वयाची मुलगी, आणि तिच्यासमोर तो मान वर करू शकत नव्हता.

देवळा म्हणजे त्याचंच गाव झालं. तिथे त्याला ओळखणारे पावलोपावली. झुंबर नावाचा त्याच्या वाडीतला कांद्याचा व्यापारी मोटारसायकलवरून जाताना थांबला. "मेजर, गाडी बंद पडली का?"

"गाडीला काही झालं नाही," गोरक्ष म्हणाला. "मी प्यालोय. म्हणून ही मुलगी बसत नाही."

झुंबर आधी हसला. मग त्याने गोरक्षचा चेहरा पाहिला आणि हसणं थांबवलं. त्याची नजर खाली गेली, जणू त्यानेच काही चूक केली होती. गोरक्षला तिथे जे वाटलं ते नंतर त्याने बायकोला सांगितलं. गावात लहानपणी एकाला चोरी करताना पकडलं होतं, त्याला सगळ्यांनी बघितलं होतं आणि त्याने शर्टाने तोंड झाकलं होतं. मला तसं तोंडही झाकता आलं नाही, असं तो तिला म्हणाला. झुंबरने मोटारसायकल तिथेच लावली, निकिताकडून किल्ली घेतली आणि गाडी आपल्या गोडाऊनपाशी लावायला नेली.

ते दोघं एसटीने नाशकाला निघाले. चांदवड मागे पडल्यावर गोरक्ष खिडकीकडे तोंड करून बोलायला लागला.

"मी शुद्धीत होतो."

निकिता त्याच्याकडे वळली.

"सगळा वेळ शुद्धीत होतो. साई पुंजाला हाक मारत नव्हता. मला मारत होता. हवालदार साहेब, हवालदार साहेब. कारण मी त्याचा वरचा होतो. आणि मी हातमोजा दातात धरून पडलो होतो. वाटत होतं, बोललो तर हवा संपेल. पुंजा बोलायचा तर त्याचाही राग यायचा, माझी हवा संपवतो म्हणून. एक शब्द बोललो नाही मी त्या पोराशी."

नंतर बराच वेळ तो बोलत राहिला. बाहेर काढल्यावर हॉस्पिटलमध्ये झोप यायची नाही, कुणीतरी रम दिली आणि झोप लागली, मग रमशिवाय लागेनाशी झाली. निकिताने सगळं ऐकलं. तिने रेकॉर्डर काढला नाही. गाडी आडगावजवळ आल्यावर ती म्हणाली, "काका, हे मी ऐकलं, पण माझ्या कामात घेणार नाही. प्यायलेल्या माणसाने सांगितलेलं मी वापरत नाही. तुम्हाला उद्या नको वाटेल कदाचित. खरंच सांगायचं असेल तर शुद्धीत या."

शुद्धीत या म्हणणं सोपं होतं. त्याने दुसऱ्या दिवशी प्यायचं नाही असं ठरवलं आणि दुपारपर्यंत त्याचे हात एवढे थरथरायला लागले की गोडाऊनच्या रजिस्टरवर सही होईना. घाम, उलट्या, भिंतीवर काहीतरी हलल्याचे भास. शुभांगीने त्याला बाथरूमच्या फरशीवर बसलेला पाहिला. तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं, बाटली, कोटा, पाहुणे, सगळं.

शुभांगी त्याच्या शेजारी फरशीवरच बसली. "मला माहीत होतं हो," ती म्हणाली. "तुम्हाला लाज वाटेल म्हणून मी गप्प बसले."

हे त्याला सगळ्यात जास्त लागलं. इतकी वर्षं ती त्याची लाज सांभाळत होती आणि तो समजत होता की आपण तिला फसवतोय. नातेवाइकांना घोरण्याचं कारण सांगणारी, त्याचे शर्ट धुताना खिशातल्या लवंगा काढून ठेवणारी, शाळेतल्या भाषणाला नीट इस्त्री करून देणारी बाई सगळं जाणून होती.

त्याने निकिताला फोन केला तेव्हा ती आधी रागावली. एकदम बंद करू नका, जिवावर बेतू शकतं, आधी डॉक्टर, असं म्हणून तिने एका मनोविकारतज्ज्ञांचं नाव दिलं. त्यांनी त्याला दाखल करून घेतलं. मुलगी हर्षाली नर्सिंगला होती. ती कॉलेजच्या गणवेशातच वॉर्डात यायची आणि त्याच्या पायापाशी बसून पुस्तक वाचायची. पहिले काही दिवस ती त्याच्याशी बोललीच नाही. आपले वडील सुपारीसुद्धा खात नाहीत असं ती मैत्रिणींना सांगत आली होती. एकदा सलाइनची सुई सरकली तेव्हा तिने ती नीट केली आणि तेवढ्यासाठी त्याचा हात धरला. तो जागा होता, पण झोपल्याचं सोंग घेऊन पडून राहिला. तिला बघायची त्याची हिंमत नव्हती.

घरी आल्यावर काही आठवड्यांनी तो निकिताकडे गेला आणि शुद्धीत, सगळं पुन्हा सांगितलं. एसटीत सांगितलं त्यापेक्षा ते फार अवघड गेलं. एसटीत नशेने शब्द पुढे ढकलले होते. इथे प्रत्येक वाक्यापाशी तो अडत होता. निकिता म्हणाली की जीव गुदमरत असताना गप्प राहणं हा गुन्हा नाही, भीतीने शरीर तसंच वागतं, तिने अनेकांकडून हे ऐकलं होतं. त्याला तिचं म्हणणं कळलं. लाज मात्र त्याने कमी झाली नाही. तो म्हणाला, "भीतीचं तुम्ही म्हणता तसं असेल. पण गेटपाशी तर मी घाबरलेला नव्हतो ना. तिथे कुठे बर्फ होता?" निकिताने ते वाक्य तसंच वहीत लिहून घेतलं.

मंडळाच्या बैठकीत त्याने अध्यक्षपद सोडलं. का सोडतोय तेही सांगितलं, आणि पंधरा ऑगस्टला स्वतः पिऊन असताना पुंजाला कसं काढलं तेही. खोलीत कुणी कुणाकडे बघेना. एक जण खुर्ची सरकवून निघून गेला आणि त्यानंतर त्याने गोरक्षशी बोलणं टाकलं, अजून बोलत नाही. दुसऱ्याने हे चार भिंतींत राहू द्या, बाहेर जाऊ देऊ नका, असं सुचवलं. बैठक संपल्यावर मात्र एक जण स्कूटरपाशी उगाच हेल्मेट पुसत थांबला होता. बाकीचे गेल्यावर त्याने हळूच त्या डॉक्टरांचं नाव विचारलं.

मग तो नामपूरला गेला, एकटा, एसटीने. पुंजा प्यालेला होता आणि कांदाचाळीच्या सावलीत बसला होता. गोरक्षने त्याच्या पायाला हात लावला. वयाने पुंजा लहान होता, त्याने झटक्यात पाय मागे घेतला.

"मी शुद्धीत होतो, पुंजा."

"माले माहीत शे," पुंजा म्हणाला. "तुमनं अंग कापत व्हतं. माझ्या अंगाला लागून व्हतात तुम्ही."

"मग खोटं का बोललास? तेव्हाही आणि आताही?"

पुंजाला याचं नवल वाटल्यासारखं दिसलं. "मी एकटा मेल्यासारखा झालो तेवढं बास, दोघं होऊन काय करायचं होतं," तो म्हणाला. मग पुढे म्हणाला, "कॉलर धरली त्याचं मला काय वाटलं नाय. मी प्यालोच होतो. पण तुमच्या तोंडाला वास येत होता, भाऊ. तो आला आणि वाईट वाटलं. वाटलं, हा बी झोपत नाय."

पुंजाने दवाखान्यात यायला नकार दिला. चांगुणाने, गोरक्षने, निकितानेही समजावून पाहिलं. एकदा तो नाशकात आला, डॉक्टरांना भेटला, दोन दिवस राहिला आणि तिसऱ्या सकाळी न सांगता परत गेला. पण एका गोष्टीला तो हो म्हणाला. साईच्या घरी आपण दोघं कधीच गेलो नाही, आता जाऊ, असं गोरक्षने सुचवलं होतं.

उन्हाळ्यात ते गोरक्षच्या गाडीने सिन्नरच्या पुढे साईच्या गावी गेले. नाशकापासून तासाभराचं अंतर. इतक्या वर्षांत गोरक्ष किती तरी वेळा पुण्याला जाताना त्या फाट्यावरून गेला होता आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या बाजूला बघत गेला होता. साईचा भाऊ घरी होता. त्याने ओसरीवर सतरंजी टाकली, चहा सांगितला. आई दोन वर्षांपूर्वी गेल्याचं त्याने सांगितलं. "सुरुवातीला फार वाट बघायची," तो म्हणाला. "त्याच्याबरोबरचं कुणीतरी येईल, त्याचं शेवटचं काय ते सांगेल म्हणून. सिन्नरला कुणी फौजी दिसला की थांबवायची. नंतर सोडून दिलं तिने."

पुंजाने सांगितलं, साई कसा बोलत होता, म्हशीचं नाव कसं घेतलं, आईचा विषय कसा निघाला. भाऊ लक्ष देऊन ऐकत होता. मग तो गोरक्षकडे वळला आणि सरळ मनाने विचारलं, "आणि तुम्ही काय म्हणालात त्याला?"

"तो मला हाका मारत होता," गोरक्ष म्हणाला. "मी ओ दिली नाही. मला भीती वाटली."

भावाने कपबश्या गोळा केल्या, आत नेऊन ठेवल्या आणि बाहेर आला. लाइट आली आहे, पिकाला पाणी भरायला मळ्यात जायला हवं, असं म्हणाला. रस्त्यापर्यंत मात्र तो त्यांच्याबरोबर चालत आला. निरोप घेताना त्याने पुंजाचा हात हातात घेतला. गोरक्षला नुसती मान हलवली.

परत येताना सिन्नर ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेला दारूचं दुकान लागलं आणि पुंजाने गाडी थांबवायला सांगितली. गोरक्षने थांबवली. पुंजा उतरून गेला. दुकानाच्या पायऱ्यांवर माणसं उभी होती, उघड्या दारातून ओळखीचा वास येत होता, आणि गोरक्षला त्या वासाने तोंडात पाणी सुटलं. त्याने काच वर घेतली. पुंजा कागदात गुंडाळलेली बाटली घेऊन आला, शेजारी बसला आणि विचारलं, "रागावले का भाऊ?"

"नाही रे," गोरक्ष म्हणाला.

रागवायचा हक्क आपल्याला कुठून आला असता, असं त्याच्या मनात होतं. पुंजाने बाटली उघडली नाही, शर्टाच्या आत ठेवून दिली. घरी जाऊन घेईन म्हणाला. गोरक्षने गाडी सुरू केली आणि नामपूरची संध्याकाळची एसटी चुकू नये म्हणून जरा वेगाने नाशकाकडे निघाला.